तपासून घेतलेलं नाणं

विलास आठल्ये दुधाची बाटली उघडली की आधी हुंगतो. बाटली सकाळीच दुकानातून आणलेली असो, तिच्यावर पुढच्या आठवड्याची तारीख असो, हुंगल्याशिवाय तो थेंबभरही कपात ओतत नाही. हॉटेलात बिल आलं की एकदा वरून खाली बेरीज करतो आणि एकदा खालून वर. बायकोने 'पोचले' असा मेसेज पाठवला तर हा 'कुठे?' म्हणून विचारतो. घराला कुलूप लावून गाडीपर्यंत गेला की परत येऊन कडी ओढून बघतो, आणि यात काही विचित्र आहे असं त्याला मुळीच वाटत नाही. "लोक तपासत नाहीत म्हणून जग असं आहे," असं त्याचं म्हणणं. जग कसं आहे ते मात्र तो कधी फोडून सांगत नाही.

आता यात स्वभाव किती आणि नोकरी किती, ते सांगणं कठीण. आयर्लंडमध्ये कॉर्क बंदराच्या कडेला रिंगास्किडीत औषधांचे कारखाने ओळीने उभे आहेत, त्यातल्या एकात विलास क्वालिटी कंट्रोलला आहे. तिथे आलेल्या प्रत्येक ड्रमला, प्रत्येक पोत्याला आधी पिवळं लेबल लागतं. पिवळं म्हणजे याच्यावर अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही. तपासण्या झाल्या, आकडे जुळले, की हिरवं लेबल आणि खाली सही. आधी अंबरनाथच्या कंपनीत आणि मग इथे, विलास आयुष्यभर हेच करत आला. त्यामुळे ते पिवळं लेबल त्याच्या डोळ्यांवरच चिकटलं होतं म्हणा ना. शेजारी, प्लंबर, मुलीच्या शाळेतल्या बाई, सगळे आधी पिवळे. काही जण वर्षानुवर्षं पिवळेच राहिले.

त्यातून ते २०११ साल. बँका गाळात गेलेल्या, बिल्डर अर्धी घरं टाकून पळालेले, डब्लिनकडे तर नव्याकोऱ्या घरांच्या पायात पायराइट नावाचा फुगणारा दगड निघून भिंतींना तडे गेलेले. सगळा देश एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघायला लागला होता. बाकीचे हवालदिल झाले, विलासला मात्र मनातून जरा बरंच वाटलं. आता कुठे लोक शहाण्यासारखे वागायला लागले, असं तो जेवताना म्हणाला, आणि शुभदाने त्याच्या ताटात आमटी वाढली.

शुभदा म्हणजे त्याची बायको. एका पाळणाघरात काम करते, कमी बोलते, आणि तिला एकच गोष्ट हवी होती. तिला स्वतःच्या भिंतीत एक खिळा ठोकायचा होता. ऐकायला हसू येईल, पण आयर्लंडमध्ये आल्यापासून भाड्याची घरं बदलून बदलून ती थकली होती, आणि प्रत्येक घराच्या करारात भिंतीला भोक पाडायचं नाही असं कलम होतं. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेलं लंबकाचं घड्याळ डोंबिवलीहून आलं ते जुन्या साडीत गुंडाळलेलं, आणि दर वेळी या घरातून त्या घरात तसंच गुंडाळलेलं गेलं. ते वाजताना कसं वाजतं, हे त्यांच्या मुलीला, स्वरांगीला, माहीतच नव्हतं.

अशात पॅसेज वेस्ट या गावात, खाडीकाठच्या चढावर, एक घर विकायला निघालं. मालक कॉन ट्वोमी. हा म्हातारा जन्मभर बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर होता. बायको गेली, गुडघे गेले, आणि आता मिडल्टनला राहणारी मुलगी त्याला आपल्याकडे न्यायचं म्हणत होती. घर जुनं, दगडी, जाड भिंतींचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी दिसायचं. शुभदा त्या खिडकीपाशी गेली ती तिथून हलेचना. मग तिने बोटाच्या पेराने भिंतीवर हळूच टकटक केलं. विलासला वाटलं, बायको भिंत तपासतेय, आणि त्याला तिचा अभिमान वाटला. ती घड्याळाची जागा बघत होती.

विलासने घर बघायला सर्व्हेयर लावला. सर्व्हेयर म्हणाला, घर ठणठणीत आहे. इतकं ठणठणीत कसं, म्हणून विलासच्या मनात पाल चुकचुकली आणि पहिल्याला न सांगता त्याने दुसरा लावला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. मग हे दोघं एकमेकांना ओळखत असतील का, हा प्रश्न उरला. कॉनने मागितलेली किंमतही रास्त होती, म्हणजे तर नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. पण शुभदाने त्या आठवड्यात साडी सोडून घड्याळ बाहेर काढलं आणि मऊ फडक्याने पुसायला घेतलं, तेव्हा विलासने हो म्हणून टाकलं.

सौदा कॉनच्या स्वयंपाकघरात ठरला. वकिलाकडच्या सह्या व्हायला अजून काही आठवडे होते, आणि सह्या होईपर्यंत दोन्हीकडचं कोणीही मागे फिरू शकतं, अशी इथली रीत. कॉन उठला, त्याने उजव्या तळहातावर थुंकल्यासारखं केलं. थुंकल्यासारखं कसलं, थुंकलाच. आणि तो हात त्याने पुढे केला. विलासला घाम फुटला, पण शुभदा बघत होती. त्याने हात मिळवला. मग कॉनने वास्कटाच्या खिशातून एक मोठं, जड, काळपट नाणं काढलं आणि विलासच्या हातावर ठेवलं.

"हे लकसाठी," कॉन म्हणाला.

"नो नो, प्लीज," विलास म्हणाला. आपल्याकडे कोणी काही दिलं की लगेच झडप घालून घेत नाहीत. नको नको म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, मग घ्यायचं. विलासने रीतीप्रमाणे तीनदा नको म्हटलं. तिसऱ्या वेळी कॉनचा चेहरा उतरल्यासारखा झाला, पण त्याने विलासची बोटं नाण्यावर मिटली आणि वरून आपला खरखरीत पंजा ठेवला. बाहेर गाडीत बसल्याबरोबर विलासने खिशातून सॅनिटायझरची बाटली काढून हात चोळले, आणि मग नाणंही चोळलं. कॉन दारात उभा राहून हात हलवत होता. शुभदाने ते पाहिलं आणि ती दुसरीकडे बघायला लागली.

घरी येऊन नाणं टेबलावर आलं. एका बाजूला पानांची माळ डोक्याला बांधलेला लठ्ठ राजा, तिसरा जॉर्ज, खाली १८२०. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडाबोडका वीर, घोड्याच्या पायाखाली पंख असलेला भुजंग, आणि भोवती पट्ट्यावर काही अक्षरं.

"खंडोबासारखा दिसतोय," शुभदा म्हणाली. दिवाळी जवळ आली होती, तिने घासायला चांदीची भांडी काढलीच होती. "द्या इकडे, चिंच लावते. किती काळं पडलंय बिचारं."

विलासने नाणं तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलंच. जुनं नाणं घासायचं नसतं हे काही त्याला तेव्हा माहीत नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच की पुरावा नष्ट होईल.

"कसला पुरावा?"

"अगं, विकणारा माणूस घेणाऱ्याला उलट काहीतरी देतो, हे तू कधी ऐकलंयस? डोंबिवलीचा फ्लॅट घेताना त्या बिल्डरने चहा तरी पाजला होता का? आणि हा युअर मॅन, हा म्हातारा, चांदीचं नाणं देतोय. का देतोय?"

"प्रेमाने देत असेल."

"प्रेमाने? तीनदा भेटलोय आपण त्याला."

तर विलासने असं ठरवलं. नाणं म्हणजे कॉनचं सँपल. अख्ख्या ड्रमातून चमचाभर पावडर काढतात आणि तिच्यावरून ड्रमाचा निकाल लावतात, तसंच. नाणं खोटं निघालं तर माणूस खोटा, माणूस खोटा तर घर खोटं, आणि मग सह्या करायच्या नाहीत. शुभदाला त्याने हे सांगितलंही. तिने चिंचेची वाटी उचलून आत नेली, आणि त्या दिवसापासून जेव्हा जेव्हा तो नाणं घेऊन बसायचा तेव्हा तेव्हा तिचा जीव टांगणीला लागायचा.

त्याने इंटरनेटवर वाचलं तेव्हा कळलं की या नाण्याला क्राउन म्हणतात आणि याच्या खोट्या प्रती बाजारात ढिगाने आहेत. म्हणजे संशयाला जागा होती. त्याने फ्रिजवरचा गणपतीचा लोहचुंबक काढून लावला. चिकटला नाही. पण चांगल्या खोट्या नाण्यालाही चिकटत नाही, असं वाचलेलं असल्यामुळे त्यात काही समाधान नव्हतं. घरात छोटा डिजिटल काटा होता, तो आधी प्रमाण वजनाने तपासला आणि मग नाणं ठेवलं. अठ्ठावीस ग्रॅम आणि वर थोडंसं. टांकसाळीतून निघालं तेव्हा असायला हवं त्यापेक्षा केसभर कमी, म्हणजे दोन शतकांच्या हाताळण्याने जेवढं झिजायचं तेवढंच झिजलेलं. मग दोऱ्याला बांधून पेल्यातल्या पाण्यात लोंबकळत सोडलं आणि किती पाणी बाजूला सारतं त्यावरून घनता काढली. ती स्टर्लिंग चांदीला हवी तशी आली. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तशीच आली. विलासचा चेहरा पडला.

बोटाच्या टोकावर तोलून पेनाने हलकेच टिचकी मारली, तर नाणं असं स्वच्छ आणि लांबवर वाजलं की आतल्या खोलीतून स्वरांगी बाहेर आली. ती तेव्हा चौदा वर्षांची. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी, आणि तेही कॉर्कच्या चढउतारांचं. तिने नाणं हातात घेऊन पट्ट्यावरची अक्षरं वाचली, शाळेतलं फ्रेंच आठवलं, आणि म्हणाली, "डॅड, यावर लिहिलंय की याच्याबद्दल जो वाईट विचार करेल त्याला लाज वाटो." मग खांदे उडवून परत गेली.

दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. विलासला वाटलं, बघा, नाण्यावरच धमकी लिहून ठेवलीय. त्याला त्याऐवजी कडेवरची अक्षरं आवडली. नाण्याच्या जाडीवर चहूबाजूने अक्षरं कोरलेली होती, कोणी चांदी कातरून घेऊ नये म्हणून. ती त्याने भिंगाखाली एक एक करून पाहिली. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याला कडेला जोड दिसतो, अक्षरं साबणासारखी बुळबुळीत होतात, खोलगट जागी बारीक बुडबुडे राहतात. इथे त्यातलं काही नव्हतं. राजाच्या केसांवर आणि वीराच्या खांद्यावर, म्हणजे जिथे अंगठा लागतो तिथेच, झीज होती, आणि अक्षरांच्या खाचांत अजून मूळची चकाकी दडलेली होती. काळपटपणाही रंग फासल्यासारखा नव्हता, कडेकडेने निळसर होत गेलेला, हळूहळू आलेला.

आता दुसरं मत हवंच. शनिवारी तो कॉर्क शहरात गेला. पॅट्रिक स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत हेगर्टी नावाच्या माणसाचं जुन्या नाण्यांचं छोटं दुकान होतं. हेगर्टीने नाणं कडेला धरून उजेडात फिरवलं, भिंग लावलं आणि कडेची अक्षरं एक एक करून पाहिली.

"खरं आहे," शेवटी तो म्हणाला. "आणि सुंदर आहे. आमच्या धंद्यात ज्या प्रतीला व्हेरी फाइन म्हणतात त्याच्याही वरचं. मुख्य म्हणजे कोणी घासलेलं नाही. घासलेलं असतं तर मी बघितलंही नसतं. कुठून मिळालं तुला?"

इथे जर विलासने खरं सांगितलं असतं, की एका म्हाताऱ्याने घराच्या सौद्यात हातावर ठेवलं, तर हेगर्टीने तिथल्या तिथे सगळा उलगडा केला असता, आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण दुकानदाराला आपली माहिती कशाला द्या? "माझ्या आजीचं," विलास म्हणाला.

हेगर्टीने भिंगावरून त्याच्याकडे पाहिलं. "आजीचं," तो म्हणाला. "अच्छा." आणि नाणं काउंटरवर ठेवून दोन बोटांनी त्याच्याकडे सरकवलं. आपल्यावर कोणी संशय घेतला की कसं वाटतं, ते विलासला त्या दिवशी जरासं कळलं, पण गाडीपर्यंत पोचेतो तो ते विसरला.

नाणं खोटं निघालं असतं तर सोपं होतं. ते खरं निघाल्यामुळे विलासची झोप उडाली. खोटं नाणं देणारा माणूस समजू शकतो. पण इतकं खरं, इतकं सुंदर, म्हातारा एका परक्या माणसाच्या हातावर ठेवतो, तेव्हा त्याला नक्की काय लपवायचं असतं? मग त्याला कारखान्यातलं दर वर्षीचं ट्रेनिंग आठवलं. माल पुरवणाऱ्याने भेट दिली तर ती घ्यायची नाही. भेट का देतो? तर त्याला त्याच्या मालावर तुमचं हिरवं लेबल हवं असतं. एकदा एका पुरवठादाराने पाठवलेला साधा पेनाचा सेट विलासने परत केला होता, आणि साहेबाने मीटिंगमध्ये कौतुकाने त्याचं नाव घेतलं होतं. रस्ता अगदी सरळ होता. नाणं परत करायचं. मग सौदा अगदी स्वच्छ होईल, कोणाचं कोणावर ओझं नाही.

शुभदाला त्याने सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अहो, दिलेलं परत कसं करता?" पण त्याचा आनंद बघून तिला वाटलं, चला, घर तरी पास झालं.

विलास रविवारी गेला. नाणं त्याने छोट्या झिपच्या पिशवीत घातलं होतं आणि पिशवीवर सवयीने लेबल चिकटवलं होतं. त्यावर वजन, घनता, 'अस्सल', खाली तारीख आणि सही. लेबल हिरवं होतं. त्याच्या हिशेबाने याच्याहून मोठा मान दुसरा नव्हता.

कॉन दारात आला. विलासने पिशवी पुढे केली. "मिस्टर ट्वोमी, हे फार मौल्यवान आहे. मी घेऊ शकत नाही. पण काळजी करू नका, मी सगळं तपासलंय. शंभर टक्के खरं आहे."

कॉनने पिशवी घेतली. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्याने लेबल सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं.

"वजन केलंस," तो म्हणाला.

"हो. दोनदा."

"ग्रँड सो," म्हणजे ठीक आहे तर, असं कॉन म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं. चहाला बोलावलं नाही. विलास मात्र शीळ घालत घरी आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर विकून देणाऱ्या एजंटबाईचा फोन आला. मिस्टर ट्वोमींनी घर पुन्हा बाजारात काढलंय, आणि शनिवारी एक जोडपं बघायला येतंय. विलास म्हणाला, मला वाटलंच होतं, काहीतरी काळंबेरं होतं. बाईंनी एक सुस्कारा टाकला. मग त्यांनी समजावून सांगितलं. इथे गुरांच्या बाजारात तळहातावर थुंकून हात मिळवला की सौदा ठरला, आणि मग विकणारा घेणाऱ्याच्या हातावर थोडे पैसे परत ठेवतो, त्याला लक पेनी म्हणतात. घेणाऱ्याचं भलं व्हावं म्हणून. आणि ती लक पेनी परत केली, की सौदा मोडला. मिस्टर ट्वोमींचे वडील गुरांचे दलाल होते, त्यांना दुसरी भाषा येत नाही. "त्यांना वाटलं तुम्ही सभ्यपणे नाही म्हणून गेलात. आणि त्या पिशवीबद्दल ते काही बोलले नाहीत," बाई म्हणाल्या. "नुसती मला दाखवली."

विलास संध्याकाळी घरी आला तेव्हा शुभदा घड्याळाचा लंबक लावून बघत होती. त्याने सगळं सांगितलं. तिने आधी लंबक काढला. मग साडी आणली आणि घड्याळ गुंडाळायला लागली.

"मी 'पोचले' म्हटलं की तुम्ही कुठे विचारता," ती म्हणाली. "मी सांगते. मी भाजी आणली की तुम्ही देठ मोडून बघता. बघा बापडे. इतकी वर्षं मी कधी काही बोलले का? पण हे घर मला हवं होतं हो." साडीची गाठ तिला नीट मारताच येईना, तरी तिने त्याला हात लावू दिला नाही.

विलासला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की आपण जन्मभर डोळ्यांत तेल घालून बघत आलो आणि समोरचं एवढं मोठं काही आपल्याला दिसलंच नाही. त्याची त्याला लाज वाटली, अगदी नाण्यावर लिहिल्याप्रमाणे.

शुक्रवारी शिफ्ट संपल्यावर तो कॉनकडे गेला. रिकाम्या हातांनी गेला, शुभदानेच तसं बजावलं होतं. कॉन खोक्यांमध्ये कपबशा भरत होता. त्याने आत घेतलं, पण बस म्हटलं नाही.

"मला रीत माहीत नव्हती," विलास म्हणाला. "आमच्याकडे असं नसतं. मी चुकलो."

"रीत माहीत नसेल, ते समजलं मला," कॉन म्हणाला. "पण ते लेबल. मला वाटलं, तू नाणं तोलत नव्हतास, मला तोलत होतास."

विलासच्या तोंडावर 'नाही हो, छे' आलं होतं. सभ्य माणसाने तेच म्हणायचं असतं. पण त्याला वाटलं, आता हेही खोटं बोललो तर संपलंच.

"हो," तो म्हणाला. "तुम्हालाच तोलत होतो."

हातातली बशी कॉनने कागदात गुंडाळली, खोक्यात ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि आतल्या खोलीत गेला. खण उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. बाहेर आला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती.

"हात कर पुढे. आता यात काय आहे ते बघायचं नाही. इथे नाही, घरी जाऊन नाही, कधीच नाही. जमणार असेल तर घे. नाहीतर उद्या ती माणसं यायचीयत."

तो पुन्हा तळहातावर थुंकला. विलासने हात मिळवला आणि या वेळी घट्ट मिळवला. मग कॉनने त्याच्या हातावर जुन्या रुमालाच्या तुकड्यात बांधलेलं, गाठ मारलेलं काहीतरी ठेवलं.

विलासची बोटं काही केल्या गप्प बसेनात. गोल आहे. कडक आहे. पण ते अठ्ठावीस ग्रॅम वजन बोटांना पाठ झालेलं, आणि हे त्याच्याहून हलकं वाटत होतं. की फडक्यामुळे वाटतंय? वॉशर असेल. साधं एक युरोचं नाणं असेल. मोठं बटणही असेल. खरं नाणं म्हाताऱ्याने उद्याच्या माणसांसाठी ठेवलं असेल, आणि का ठेवू नये? हे सगळं त्याच्या डोक्यातून धावत गेलं आणि कॉन ते त्याच्या चेहऱ्यावर वाचत होता. विलासने 'नको' म्हटलं नाही, एकदाही नाही. गाठ मारलेला तुकडा त्याने शर्टाच्या खिशात ठेवला.

"थँक यू, कॉन," तो म्हणाला. आजवर तो मिस्टर ट्वोमी म्हणत आला होता. गाडीत सॅनिटायझरची बाटली होती, तिला त्याने हात लावला नाही.

घरी शुभदा दारातच उभी होती. घर मिळालं म्हटल्यावर ती आत आली, पाणी प्यायली आणि मग तिने विचारलं, "तेच नाणं दिलं का?"

"माहीत नाही."

"म्हणजे? बघितलं नाहीत?"

"नाही."

शुभदाने त्याच्याकडे जशी नजर टाकली तशी नजर त्या घरात आजवर फक्त विलासच टाकत असे. "खरंच?"

"अगं, खरंच."

तिचा विश्वास बसला नाही. स्वरांगीचा तर मुळीच नाही. "डॅडने गाडीतच उघडून बघितलं असणार," ती फोनवर मैत्रिणीला म्हणाली. पुढे सह्या झाल्या, सामान आलं, शुभदाने स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी स्वतःच्या हाताने खिळा ठोकला आणि घड्याळ टांगलं. ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा ती जागच्या जागी उभी राहून सगळे ठोके ऐकत राहिली. घड्याळाखाली तिने एक छोटा खिळा ठोकला आणि त्यावर ती रुमालाची गाठ अडकवली. येणारी मराठी मंडळी विचारायची, हे काय, आणि गोष्ट ऐकून हसायची. आठल्येंनी बघितलं नाही? आपले आठल्ये? काहीतरीच. विलास शपथा घ्यायचा, गाठ दाखवायचा. जितकं जास्त सांगायचा तितकं लोकांना ते खोटं वाटायचं. रात्री पाणी प्यायला उठला की तो त्या खिळ्यापाशी थांबायचा, आणि हात मागे बांधून परत जायचा. हे कोणाला माहीत असणार?

पुढच्या वर्षी दिवाळीला शुभदाने कॉनला फराळाला बोलावलं. मुलीने त्याला आणून सोडलं. आपल्याच जुन्या स्वयंपाकघरात पाहुणा होऊन बसायला त्याला थोडं जड गेलं, पण चकलीचा तुकडा मोडल्यावर सैल झाला. घड्याळ त्याला आवडलं. मग त्याची नजर खालच्या खिळ्यावर गेली.

"उघडलंस?" त्याने विचारलं.

"नाही," विलास म्हणाला, आणि घाईघाईने उठला. "ही बघा, गाठ तुमचीच आहे, जवळून बघा, फडक्याच्या घड्या बघितल्यात तर लक्षात येईल की..."

कॉनने हात वर करून त्याला थांबवलं. "नाही म्हणालास ना? मग झालं." गाठीकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. तो दुसरी चकली घ्यायला वाकला.

विलासला एकदम भरून आलं. त्याच्या शब्दावर, काही न तपासता, कोणीतरी विश्वास ठेवला होता, आणि आपल्याला याचीच भूक होती हे त्याला आत्ता कळलं. दूध काढतो असं काहीतरी पुटपुटत तो फ्रिजकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला. शुभदा मागून आली. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, भिंतीवरच्या गाठीकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"द्या ते," ती म्हणाली. "चहा निवतोय त्यांचा."

विलासने नवी बाटली उघडली आणि तशीच तिच्या हातात दिली.